हे तुला कुणी सांगितलं?

(दृश्य: स्टाफरूममधलं लांब टेबल. त्यावर चकचकीत कव्हरांच्या प्रोजेक्ट फायलींची चळत.)

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी संपली, की गोव्यातल्या हायस्कुलांच्या स्टाफरूममध्ये अशी चळत उभी राहते. नववीचा प्रकल्प. विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो: गोव्यातली पर्यटनस्थळं, गोव्यातल्या नद्या, गोव्याची संस्कृती. कव्हरावर नक्षी, आत रंगीत प्रिंट, शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ या मथळ्याखाली एकच शब्द: गूगल.

टीचर पहिली फाइल उघडतात. दूधसागरचा फोटो, पुलावरून जाणारी आगगाडी. दुसऱ्या फायलीत तोच फोटो, तीच गाडी. तिसरीपर्यंत पोचताना पुढची ओळ त्यांना तोंडपाठ झालेली असते.

पण चौथ्या फायलीत एक गंमत सापडते. पहिल्या तिघांनी दूधसागरची उंची 310 मीटर लिहिली आहे, चौथ्यानं 603. जवळजवळ दुप्पट. आणि चौघांच्याही फायलींवर, टीचरच्याच लाल पेनानं, ‘छान’ असा शेरा.

तिसवाडीतल्या एका हायस्कूलमधल्या या टीचर पुढे जे करू लागल्या, त्याची सुरुवात या दोन आकड्यांपासून झाली. त्यांनी दोन्ही फायली वर्गात नेल्या आणि विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?” मुलं म्हणाली, “टीचर, नेटवर आहे.” दोघांचंही खरं होतं. दोन्ही आकडे नेटवर आहेत. 310 हा आज सर्रास दिला जाणारा आकडा; 603 वर्षानुवर्षं एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत राहिला. धबधबा कुणी मोजला, कुठून कुठपर्यंत मोजला, हे त्या चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. का वाटावं? फायलीला मार्क मिळणार होते, उत्तराला नव्हे.

(दृश्य: शाळेजवळचं झेरॉक्सचं दुकान. प्रिंटरमधून पानं बाहेर येताहेत.)

मुलं ‘चोप्य-पस्त’, म्हणजे कॉपी-पेस्ट, करतात, अशी तक्रार सगळेच करतात. पण आपण मुलांना नेमकं काय शिकवतो, तेही बघायला हवं. निबंधाच्या पुस्तकातला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ घोकायचा आणि परीक्षेत शब्द न शब्द उतरवायचा. त्याला आपण पैकीच्या पैकी देतो, बक्षीस समारंभात शालही घालतो. गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिणारा हुशार. आणि तोच मुलगा प्रकल्पात विकिपीडियाचं पान उतरवतो, तेव्हा तो चोर? पाचवीपासून जे कौतुकानं करून घेतलं, ते नववीत अचानक गुन्हा ठरतं. त्याचा गोंधळ उडाला तर त्यात नवल काय!

विद्यापीठांसाठी निदान नियम आहेत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 साली वाङ्मयचौर्याबद्दल नियमावली काढली. प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं कारवाई. साम्य शोधायला सॉफ्टवेअर असतं. शाळेत हे टक्क्यांचं गणित आणू नये, असं आम्हाला वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलाला टक्के सांगितले, की तो टक्के कसे चुकवायचे तेवढंच शिकतो.

या टीचरनी आधी प्रश्न बदलला. ‘गोव्यातील खाजन शेतीची माहिती लिहा’ हा जुना विषय. त्याच्या जागी फळ्यावर आलं: ‘आपल्या जवळच्या खाजनातली मानस आज कोण सांभाळतं? तीस वर्षांपूर्वी कोण सांभाळायचं?’ खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन; मानस म्हणजे त्या बांधातलं पाण्याचं दार. या प्रश्नाचं तयार उत्तर कुठल्याही वेबसाइटवर नाही. ते बांधावर जाऊनच आणावं लागतं.

(दृश्य: रायबंदरचा धक्का. फेरीबोट चोडणच्या दिशेनं निघते. युनिफॉर्ममधली मुलं कठड्याला टेकून उभी.)

मांडवी आणि जुवारीच्या काठची ही सखल शेतं समुद्राकडून मिळवलेली आहेत. भरतीचं खारं पाणी बांधानं अडवायचं, बांधात जागोजागी मानस ठेवायची. पावसाळ्यात शेतात भात पिकतं. कोरगुटसारखं जुनं बियाणं थोडा खारटपणा सोसून घेतं. बांधाला खेकडे आणि उंदीर भोकं पाडतात, ती वेळीच बुजवली नाहीत तर एका उधाणात वर्षाचं पीक जातं. आणि फुटलेला बांध तसाच राहिला, तर शेतात चिपी, म्हणजे खारफुटी, उगवायला लागते. म्हणून देखरेख हा इथला जीवनमरणाचा प्रश्न. पूर्वी ती गावकारीकडे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादकडे होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आली. मानशीत सापडणाऱ्या मासळीची पावणी होते. ज्याची बोली मोठी, त्याला मासेमारीचा हक्क. मासळीचे पैसे महत्त्वाचे की भात, यावरून गावात भांडणंही होतात. मुलांना हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं असं नाही, पण पुस्तकातलं भांडण आणि समोर चाललेलं भांडण यात फरक असतो.

निघण्यापूर्वी टीचरनी वहीच्या समासात दोन अक्षरं लिहायला शिकवली होती. बोलणारा माणूस म्हणाला, “हांवें पळयलां” (मी पाहिलंय), तर समासात ‘प’. म्हणाला, “आयकलां” (ऐकलंय), तर ‘आ’. शिवाय पानाच्या वर बोलणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, वाडा, तारीख. आणि सगळ्यांत आधी एक प्रश्न: “आजोबा, तुमचं नाव लिहिलं तर चालेल?”

बांधावर भेटलेले आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी सांगितलं, गोवा मुक्तीच्या (1961) आदल्या वर्षी बांध फुटला आणि घरात पाणी शिरलं. मुलीनं समासात ‘प’ लिहिला. शेजारच्या वाड्यावरचे दुसरे आजोबा म्हणाले, छे, मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले त्या सुमाराला. तिथंही ‘प’. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि वर्षं दोन वेगळी!

(दृश्य: पाटो, पणजी. कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. जुन्या वर्तमानपत्रांची बांधीव फाइल.)

खरं संशोधन इथून सुरू झालं. 1832 साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेलं हे ग्रंथालय देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या कृष्णदास शामांचं नाव त्याला दिलं आहे. वाढदिवसाच्या पार्टीला पाटोपर्यंत येणारी मुलं या इमारतीत मात्र पहिल्यांदाच शिरली होती.

दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झालं 1962 साली. म्हणजे बांध मुक्तीनंतर फुटला असेल, तर बातमी मराठीत सापडण्याची शक्यता. आधी फुटला असेल तर? तेव्हा 1900 पासून निघणाऱ्या ‘ओ हेराल्दो’मध्ये बघायचं, आणि तो त्या काळी पोर्तुगीजमध्ये. मुलांची दांडी उडाली. शेवटी एका मुलाला आठवलं, की त्याच्या शेजारच्या काकींचं शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालं आहे. काकी आल्या, चष्मा लावून बसल्या आणि मुलांनी बोट ठेवलेल्या बातम्या मराठी-कोकणीत सांगत राहिल्या. टीचरनी नोंद करायला लावली: वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, आणि त्याखाली, ‘भाषांतर काकींनी सांगितलं.’ दुसऱ्या भाषेतलं आपल्या भाषेत आणलं म्हणून ते आपलं होत नाही. इंग्रजी पान गूगल ट्रान्सलेटमधून काढून मराठीत चिकटवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

बांधाची बातमी मिळालीच नाही. मुलांचे चेहरे पडले. टीचर म्हणाल्या, “लिहा ना तेच. कुठले अंक पाहिले, कुठले पाहिले नाहीत, आणि सापडलं नाही.” प्रकल्पात तसं अर्धं पान आहे. आमच्या मते अख्ख्या फायलीतलं सर्वांत मोलाचं.

(दृश्य: वर्ग. फळ्यावर एक वाक्य.)

आता लिहिण्याचा भाग. इथं बहुतेक मुलं अडकतात. फळ्यावर टीचरनी एक वाक्य लिहिलं: ‘भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्याला अटकाव करणे आणि ओहोटीच्या वेळी शेतातील अतिरिक्त पाण्याचा निचरा करणे, असे दुहेरी कार्य मानस करते.’ हे तुमच्या शब्दांत लिहा.

एकानं लिहिलं: ‘भरतीच्या काळात खारट पाण्याला प्रतिबंध करणे व ओहोटीच्या काळात शेतामधील जादा पाण्याचा निचरा करणे, असे दुहेरी काम मानस करते.’ शब्द बदलले, सांगाडा तोच. हे ढापणंच झालं, फक्त कष्ट घेऊन केलेलं.

मग टीचरनी फळा पुसला. “आता लिहा.” बांधावर मानशीचं लाकडी दार हातानं ढकलून पाहिलेल्या एका मुलीनं लिहिलं: ‘मानशीचं दार नदीच्या बाजूनं पाण्यानं दाबलं की मिटतं, शेताच्या बाजूनं दाबलं की उघडतं. म्हणून खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं पाणी आत तुंबत नाही.’ मूळ वाक्यात दाराचा उल्लेखसुद्धा नव्हता.

वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा, मग उघडून ताडून बघा. एवढीच रीत आहे. आकडा, व्याख्या, कायद्यातलं कलम किंवा आजोबांचं एखादं झणझणीत वाक्य जसंच्या तसं हवं असेल, तर ते अवतरणचिन्हांत ठेवायचं. बाकीचं आपल्या शब्दांत. पण ते कुठून कळलं, त्याची नोंद दोन्हीकडे हवीच.

चॅटजीपीटीचं काय, असं तुम्ही विचारणारच. एका मुलानं त्याला खाजन शेतीवरची पुस्तकं विचारली. लेखक, प्रकाशक, वर्ष यांसकट चकाचक यादी आली. त्यातलं एकही पुस्तक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये नव्हतं. ही यंत्रं पुढचा शब्द कुठला शोभेल ते बघून वाक्य जुळवतात. पुस्तकाचं नावही त्याच पद्धतीनं जुळवून देऊ शकतात. टीचरनी बंदी घातली नाही. नियम एकच: पान हातात घेतल्याशिवाय पुस्तकाचं नाव यादीत नाही.

(दृश्य: पणजी, चर्चजवळची म्युनिसिपल गार्डन. संध्याकाळची वर्दळ.)

या बागेला गार्सिया द ओर्ता यांचं नाव आहे. हे पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले. 1556 साली गोव्यात छापखाना आला आणि 1563 साली ओर्तांचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापून निघालं. दोन वैद्यांमधल्या संवादाच्या रूपात लिहिलेलं. आपण पाहिलेलं कुठलं, दुसऱ्याकडून कळलेलं कुठलं, हे ते जागोजागी सांगतात. वहीच्या समासातले ‘प’ आणि ‘आ’ म्हणा ना!

1567 मध्ये क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप काढला. मग 1578 मध्ये स्पेनमधल्या बुर्गोसला क्रिस्तोव्हाँव द कोश्ता यांचं पुस्तक आलं. त्यातला बराच मजकूर ओर्तांचा; कोश्तांची भर म्हणजे झाडांची चित्रं आणि काही स्वतःची निरीक्षणं. ओर्तांचं नाव मात्र त्यांनी प्रस्तावनेत घेतलं आहे.

टीचरनी हा खटला वर्गापुढे ठेवला. मुलांचे सरळ दोन तट पडले. “नाव घेतलंय ना टीचर, मग चोरी कसली?” “एकदा नाव घेतलं आणि पुढे पानंच्या पानं उचलली तर?” “पण चित्रं त्याची आहेत!” एक मुलगा म्हणाला, ओर्ता वारले 1568 मध्ये, आता त्यांचं काय जातंय. त्यावर कायद्याचा विषय निघाला. भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे ओर्तांचं पुस्तक आज कुणीही छापावं. पण वर स्वतःचं नाव घालून छापलं, तर कायदा गप्प बसला तरी ती उचलेगिरीच. तास संपला तरी कोश्तांचा निकाल लागला नव्हता, आणि टीचरनी तो लावलाही नाही.

(दृश्य: चोडण. आजोबांच्या घराचा सोपा. मुलं जमिनीवर, हातात कच्चा मसुदा.)

फाइल बांधण्याआधीचं शेवटचं काम: ज्यांनी सांगितलं, त्यांना वाचून दाखवायचं. मुलगी वाचत होती, आजोबा सुपारी कातरत ऐकत होते. ‘पूर्वी गावात सगळे एकोप्यानं बांध बांधत असत,’ या वाक्याला त्यांनी हात वर केला. असं आपण बोललोच नाही, म्हणाले. प्रत्येक घरातून माणूस यायलाच हवा होता, नाही आला तर दंड होता, एकोपा कसला! मुलीनं वही उलटून पाहिली. समासात ‘प’ नव्हता, ‘आ’ही नव्हता. ते वाक्य तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं, कारण निबंधात असं लिहितात.

तिनं त्यावर काट मारली आणि विचारलं, “दंड किती असायचा, आजोबा? आणि तो घ्यायचं कोण?”