दगड उलटे न करता बेडूक शोधायचा

नमस्कार मंडळी. पाऊस धरला की आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला रात्री काय गलका असतोय ते तुम्हाला ठाऊकच आहे. डराव डराव करणारा मोठा बेडूक कुणालाही कळतो ओ, पण ओढ्यात दगडाच्या कपारीला बसणारे ते बोटाच्या पेराएवढे बेडूक, त्यांचा आवाज पाण्याच्या खळखळाटात जातोच की.

कॉलेजात असताना आम्ही पोरं बॅटरी घेऊन रात्रभर ओढ्यातले दगड उलटे करत फिरायचो, लई अभ्यास करतोय असं वाटायचं, आणि त्याच दगडांना त्यांची अंडी चिकटलेली असतात हे नंतर कळलं. अजून मनाला लागतंय ते.

आता दगडाला हात लावायची गरज नाही. बेडकाच्या अंगाची कातडी, बुळबुळीतपणा, घाण यातून त्याचा डीएनए पाण्यात उतरत राहतो, त्याला ईडीएनए म्हणतात. पाणी बाटलीत घ्यायचं, एकदम बारीक फिल्टरमधून गाळायचं आणि लॅबमध्ये पीसीआर करून बघायचं, कोरोनाच्या टेस्टसारखंच. 2008 साली फ्रान्समध्ये तळ्याच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग असाच ओळखला, आणि ब्राझीलमध्ये तर 1968 नंतर कुणालाच न दिसलेल्या बेडकाचा डीएनए ओढ्यात मिळाला, 2020 ची गोष्ट.

पण बाटली सगळंच सांगत नाही. बेडूक किती आहेत ते कळत नाही, उन्हात डीएनए थोड्या दिवसांत विरून जातो, आणि वाहत्या पाण्यात तर तो वरून खाली येतोय, म्हणजे खानापुरात मलप्रभेच्या पुलाखाली बाटली भरली तर बेडूक वरच्या कुठल्या ओहोळात बसलाय ते कसं कळणार? शिवाय त्या जातीचा डीएनए आधी नोंदवलेला पाहिजे, नाहीतर जुळवायचा कशाशी. चोर्ल्याच्या मातीतल्या एका देवगांडुळाला, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बेडकाच्या बिनपायाच्या भाऊबंदाला, म्हादई नदीवरून नाव मिळालं तेच मुळी 2007 साली, म्हणजे बघा आपल्याकडचं किती काय अजून नोंदवायचंय.

म्हणून कुणी बाटल्या घेऊन तुमच्या गावात आलं तर रात्री बारीक आवाज कुठल्या ओहोळात येतोय ते त्यांना दाखवा. बूट धुऊन वाळवून आणलेत काय तेपण विचारा, बेडकांना मारणारी बुरशी बुटाच्या चिखलातून येते. आणि औषध मारायचा पंप तेवढा त्या पाण्यात धुवू नका.