पान लागलं, पण कॉम्प्युटरला कळंना

बाहेर पाऊस रिपरिप चालूय, सोयाबीन गुडघ्याला लागलंय, आणि बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, वीस खाटांच्या दवाखान्यात, रात्रीचे साडेदहा वाजलेत. एक म्हातारी घाईघाईनं आत येती, तिच्या मागं नातवाच्या खांद्यावर हात टाकून तिचा लेक, पायाला फडकं बांधलेलं. काउंटरवरचा ऑपरेटर विचारतो, काय झालं आजी? आजी म्हणती, "पान लागलं रे बाबा, वावरात."

साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. हे इथं लेकराला बी माहितीये, कॉम्प्युटरला माहीत नाही.

डॉक्टर मॅडमनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलंय आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवलीये, वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही, रक्त गोठतंय का विषानं पातळच राहतंय ते बघायचंय. तेवढ्या वेळात ऑपरेटरला एंट्री करायचीये.

हे बघा, त्यानं सर्चमध्ये इंग्रजीत व्हेनम, म्हणजे विष, टाकलं. आली यादी. रॅटलस्नेक आला, कोरल स्नेक आला, तैपान आला, नाग आला. घोणस? नाही. मण्यार? नाही. फुरसं बी नाही. ती सगळी मंडळी एकाच ओळीत कोंबलीयेत, "आफ्रिका आणि आशियातले इतर साप". इथल्या माणसाला रॅटलस्नेक चावायचा म्हणजे त्याला आधी अमेरिकेला जावं लागंल.

त्याचं कारण असं की हे सॉफ्टवेअर ओपन-ईएमआर, पेशंटच्या नोंदी ठेवायचं, फुकट मिळणारं, आणि त्याच्यात आजारांच्या कोडचा तक्ता वेगळा लोड करावा लागतो, आणि इथं लोड केलाय तो अमेरिकेतला, आयसीडी-१०-सीएम, तिकडं १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू झालेला, त्यात कोड जवळपास सत्तर हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा मूळ आयसीडी-१०, म्हणजे आजारांची कोडवार यादी, आहे चौदा हजारांच्या आसपास, त्यात सापाच्या विषाला एकच कोड, टी६३.०, विषय संपला. आपल्या सरकारच्या २०१६ च्या ईएचआर स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे पेशंटच्या कॉम्प्युटरवरल्या नोंदींच्या नियमांत, नाव आहे ते ह्या मूळ आयसीडी-१० चं. पण तक्ता एकदा बसला, वर्षभर एंट्र्या झाल्या, मग तो बदलायचं कुणाच्याच जिवावर येतं.

मग ऑपरेटर घेतो टी६३.००१ए. वाचायला भयंकर दिसतं, पण फोडून बघा. टी६३ म्हणजे विषारी प्राण्याचं विष. पुढचे दोन शून्य म्हणजे साप, पण कुठला ते सांगता येत नाही. मग १, म्हणजे अपघातानं. शेवटचा ए म्हणजे उपचार चालू आहेत, नंतर दाखवायला आला की डी, आणि काही कायमचं राहून गेलं तर एस. त्या १ च्या जागी २ टाकला तर स्वतःहून केलं, ३ टाकला तर दुसऱ्यानं घातपात केला. म्हणजे कुणी अंगावर साप सोडला तर त्याची बी सोय आहे बरं का.

आता गंमत पुढंय. दर पेशंटला हे सगळं शोधत बसलं तर बाहेर रांग लागंल, म्हणून अ‍ॅडमिनमध्ये जाऊन लिस्ट उघडायची, मेडिकल प्रॉब्लेमची, आणि आपल्या नेहमीच्या आजारांच्या ओळी त्यात टाकायच्या. नाव, क्रम, कोड. नावाच्या रकान्यात ऑपरेटरनं टाकलंय "पान लागलं", कोडमध्ये तोच टी६३.००१ए. खाली "इच्चू चावला", टी६३.२एक्स१ए. "ऊन लागलं" आहे, "कंबर धरली" आहे. नाव आपलं, कोड त्यांचा. ह्याच्या आधीच्या पोरानं कोड बी स्वतःच्या मनानं बनवले होते, पीएल१, पीएल२ असं काहीतरी, रकान्यानं ते निमूट घेतले, आणि रिपोर्ट काढला तेव्हा अख्ख्या पावसाळ्यात सर्पदंश शून्य.

कंबरेची वेगळीच भानगड. ऊसतोडीवरून परत आलेल्या निम्म्या बाया कंबर धरूनच येतात, त्यांना एम५४.५ लागायचा. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये तो कोड फोडून त्याचे तीन केले, नवा तक्ता चढवला तरी ह्यांच्या लिस्टमधली ओळ जुनीच राहिली. तक्ता बदलला की आपल्या ओळी हातानं तपासाव्या लागतात, तेवढं एक लक्षात ठेवा. आणि आधी बॅकअप.

क्रमाचं पण बघा. सगळ्यात वर होतं आर५०.९, म्हणजे नुसता ताप. गर्दीच्या टायमाला बोट वरच्याच ओळीवर पडतं, मग डेंग्यूचा रिपोर्ट हातात असला तरी एंट्री नुसत्या तापाची. मॅडमनी ती ओळ उचलून पार तळाला टाकली.

वीस मिनिटं झाली. नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नाही. सिस्टर धावत अँटी-व्हेनम आणायला गेल्या. ऑपरेटर म्हणतो, मॅडम, घोणस टाकू का, ती आशियातल्या इतर सापांची ओळ? मॅडम मान वर न करता म्हणतात, "घोणसच असंल, पण साप कुणी बघितलाय का? असंल-बिसंल वर कोड टाकायचा नाही." राहिला ००१.

पहाटे पेशंट जरा स्थिर झाल्यावर मी ऑपरेटरला विचारलं, फवारणीच्या औषधाची विषबाधा लिस्टमध्ये दिसत नाही, एवढ्या केसेस येतात की. तो म्हणला, टाकली होती, टी६०.०एक्स१ए, अपघातानं, एका क्लिकवर. मॅडमनी काढायला लावली. त्यात बी तोच एक आकडा. १ म्हणजे फवारताना अंगावर उडालं, २ म्हणजे स्वतः घेतलं, ४ म्हणजे डॉक्टरनं ठरवून बी सांगता आलं नाही. नातेवाईक सगळेच म्हणतात चुकून झालं, आणि वरच्या ओळीवर १ तयार असला की हात तिकडंच जातो.

म्हणून ह्या दवाखान्यात सगळं शॉर्टकटवर आहे, तेवढं एक सोडून. ते आलं की सर्च उघडायचा, पूर्ण नाव टाइप करायचं, आणि त्या आकड्यापाशी थांबून मॅडमला बोलवायचं, मग रात्रीचे तीन वाजलेले असू द्या.