कोलारच्या खाणी आणि माझ्या मित्राचा डबा

नमस्कार मंडळी! ह्या थंडीत सिंहगडावर मुंग्यांसारखी रांग लावण्यापेक्षा एकदा जरा लांब जाऊन बघा. कोलार गोल्ड फिल्ड्स, म्हणजे केजीएफ, कर्नाटकातल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी. पुण्याहून बंगळूर, तिथून बंगारपेट, आणि बंगारपेटहून मारीकुप्पमची छोटी लाईन, वाटेत ऊरगाम, चँपियन अशी स्टेशनं. बंगारपेटला पाणीपुरी खा, तिचं पाणी चक्क पारदर्शक असतं, साध्या पाण्यासारखं दिसतं आणि घशात गेलं की कळतं. आपल्याकडे हल्ली चॉकलेटची पाणीपुरी निघालीये म्हणे, असो, तो विषय काढला की मी थांबत नाही.

तर खाण. १८८० च्या सुमारास इंग्रजांच्या कंपनीने जोर धरला, १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रच्या वीजकेंद्रातून इथे वीज आली आणि खोली गेली तीन किलोमीटरच्या पुढे. तीन किलोमीटर, खाली हो! २००१ च्या फेब्रुवारीत काम बंद पडलं. आत उतरता येत नाही, सगळं वरूनच बघायचं, गंजलेले हेडगिअर (खाणीच्या तोंडावरचे, माणसं नि माल वर-खाली नेणारे लोखंडी सांगाडे), इंग्रजी धाटणीचे बंगले आणि ते मातीचे डोंगर, म्हणजे दगड दळून, सायनाईडने सोनं काढून घेतल्यावर उरलेला चुरा, त्यांना तिकडे सायनाईड डंप म्हणतात.

आता खरी गोष्ट. आम्ही चौघं गेलो होतो, त्यात एक असा की फुकट काही दिसलं की हात शिवशिवतातच. डंपाजवळ पोचल्यावर त्याने आईने दिलेला बाकरवडीचा स्टीलचा डबा उघडला, उरलेल्या बाकरवड्या आमच्या हातावर ओतल्या आणि डबा मातीने भरला. "अरे सोन्याची माती आहे, थोडं तरी निघेल." शेजारी चहाची टपरी, तिथे एक म्हातारे बसलेले, चाळीस वर्षं खाणीत काढलेली. ते त्याला हाताने बोलावून घेतात आणि तमिळ-हिंदी मिसळून विचारतात, किती भरलं? हा म्हणतो, अर्धा किलो. मग त्यांनी टपरीच्या फळीवर बोटाने हिशोब मांडला. एक टन मातीत ग्रामभर सोनंही नाही, मग अर्ध्या किलोत किती? अर्धा मिलिग्रामसुद्धा नाही! "आणि ही सायनाईडने धुतलेली माती आहे बेटा, ती डब्यात नको." आमची हसून मुरकुंडी वळली, त्याचं तोंड एवढंसं.

मग म्हाताऱ्यांनी आमच्याकडची एक बाकरवडी खाल्ली, तिखट म्हणाले, दुसरी घेतली, आणि सांगायला लागले. खाली खडक फुटायचा, रॉकबर्स्ट, की वर घरातली भांडी वाजायची. बाई चूल सोडून आधी दारात यायची. कुणाचा नवरा त्या पाळीला आहे ते सगळ्या गल्लीला माहीत असायचं. ऐकून आम्ही गप्पच झालो. निघताना मात्र म्हणाले, पुढच्या वेळी वड्या जास्त आणा.

तर लक्षात ठेवा, थंडीत जा, सकाळी जा, दुपारी ऊन चटके देतं. आणि त्या डंपांवर चढू नका, पुन्हा सांगतो, चढू नका, वाऱ्याने धूळ उडते ती नाकातोंडात जाते. ट्रेक करायचाच असेल तर कोलारजवळ अंतरगंगेचा डोंगर आहे, मोठाले दगड आणि गुहा, मजा येते.

डब्याचं विचाराल तर माती तिथेच ओतली. पण घरी आईने डबा स्वयंपाकघरात येऊच दिला नाही. आता त्यात खिळे असतात.