पन्नास ट्रक जेलीफिश

नमस्कार श्रोतेहो.

परळीचं औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्यावाचून बंद पडलं होतं, आठवतं ना? आजची गोष्ट समुद्राकाठच्या केंद्राची. तिथं पाणी अथांग, तरी केंद्र बंद पडलं. बंद पाडलं प्राणिप्लवकांनी.

प्राणिप्लवक म्हणजे पाणी नेईल तिकडं वाहणारे प्राणी. आपल्याला ते नवे नाहीत. बारवेचं पाणी पिऊन नारू व्हायचा, तो ज्या ठिपक्याएवढ्या सायक्लॉप्समुळं, तो प्राणिप्लवकच. म्हणून तर दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं. जेलीफिशही प्राणिप्लवकच, फक्त पार ताटाएवढा वाढणारा.

तर १० डिसेंबर १९९९ ची रात्र. फिलिपिन्समधलं लुझोन बेट. एकाएकी लाइट गेली, मनिलासकट. सुमारे चार कोटी लोक अंधारात. लष्करानं बंड केलं, राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांची सत्ता उलथली, अशी अफवा वाऱ्यासारखी पसरली. शिवाय वर्षअखेरीच्या वाय-टू-केची, म्हणजे २००० साल लागताच संगणक गडबडतील याची, धास्ती होतीच. आपल्याकडं बघा, लाइट गेली की लोक 'डीपी जळाली' म्हणतात आणि खाट अंगणात काढतात. सत्तापालट कुणाच्या मनातही येत नाही. डीपी बदलून मिळेपर्यंत पीक मात्र वाळतं!

बंडबिंड काही नव्हतं. लिंगायेनच्या आखातात सुआल इथं कोळशावरचं वीज केंद्र आहे. वाफ थंड करायला ते समुद्राचं पाणी ओढतं. त्या रात्री पाण्याबरोबर जेलीफिशचा थवाच्या थवा ओढला गेला. अशा केंद्रांत पाणी घेण्याच्या तोंडाशी आधी लोखंडी गज असतात, मागं फिरत्या जाळ्या, साधारण सेंटिमीटरभर भोकांच्या. जेलीफिश त्यावर ओल्या फडक्यासारखा चिकटतो. एक चिकटला की दुसरा त्याच्यावर. जाळीमागची पाण्याची पातळी उतरते, पंपांना पाणी पुरत नाही, कंडेन्सरमधली, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्यातली, निर्वात पोकळी बिघडते आणि टर्बाइन आपोआप बंद होतं. एवढं मोठं केंद्र अचानक तुटल्यावर बाकीच्यांवर भार पडला आणि एकामागोमाग एक तीही बंद पडली. जाळीवरून निघाले ते जेलीफिश तब्बल पन्नास ट्रक!

हे झालं मोठ्या जिवांचं. बारके, म्हणजे मिलिमीटरभराचे कोपेपॉड, त्या सायक्लॉप्सचेच भाऊबंद, जाळीतून आरपार जातात. पुन्हा सांगतो, जाळी त्यांना अडवत नाही. आत त्यांना तीन तडाखे बसतात: पंपाचा दाब, कंडेन्सरची उष्णता, आणि नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून सोडलेलं क्लोरीन. आपल्या किनाऱ्यावरच्या नव्या केंद्रांना समुद्राचं पाणी सात अंशांपेक्षा जास्त तापवायला मनाई आहे. सात अंश थोडे वाटतील, पण उन्हाळ्यात खाडीचं पाणी आधीच तीस अंशांवर असतं. बेचाळिसातल्या म्हशीला आणखी सात अंश सोसतील का?

मग खाडीत किती जीव उरले, हे कसं मोजायचं? अर्धा मीटर तोंडाची, दोनशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, विणीची जाळी बोटीमागं हळू ओढायची. जोरात ओढली की पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून बाजूला सरकतं. तोंडात प्रवाहमापक बांधायचाच. शंभर मीटर ओढ म्हणजे जवळपास वीस घनमीटर पाणी गाळलं. नेमकी हीच आकडेमोड लोक विसरतात आणि 'भरपूर जीव' असं लिहून मोकळे होतात! केंद्राजवळचा आणि लांबचा नमुना एकाच भरतीत, एकाच वेळी घ्यायचा, कारण रात्री बरेच कोपेपॉड वर येतात.

खरी चूक होते बाटलीत. नमुना आला की तो टिकावा म्हणून लगेच फॉर्मॅलिन ओततात. त्यात आधीच मेलेला आणि तोवर जिवंत असलेला कोपेपॉड सारखाच दिसतो, म्हणजे नळ्यांत भाजून निघालेलेही जिवंतांत मोजले जातात. म्हणून आधी न्यूट्रल रेड. आधी न्यूट्रल रेड हा रंग घालून थोडा वेळ थांबायचं, आणि मगच फॉर्मॅलिन. जो लाल दिसतो तो पकडताना जिवंत होता. फिकट राहिला तो आधीच गेलेला, आणि त्याचा रकाना वेगळा.

नमस्कार.