इओसेपाचा ताप

मंडळी, आपल्यापैकी जे अमेरिकेत राहून आलेत, त्यांनी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक पाहिले असतील. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी, आणि दारात उभी दोन पोरं. दोघं, कारण एकट्यानं फिरायचं नाही असा नियम. वय अठरा-एकोणीस, पण पट्टीवर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा! मुलगे दोन वर्षं फिरतात, मुली दीड वर्ष. पगार नाही. २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असायची, नाताळला आणि मातृदिनाला. तो मातृदिन माझ्या डोक्यात अडकून बसला. कारण मी आज ज्या पोराबद्दल बोलणार आहे, त्याला आई नव्हती. फोनही नव्हता म्हणा, गोष्ट १८५४ सालची आहे.

त्याचं नाव जोसेफ एफ. स्मिथ. मॉर्मन पंथ ज्यानं स्थापन केला त्या जोसेफ स्मिथचा हा पुतण्या. काका आणि वडील हायरम, दोघांनाही २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं गोळ्या घातल्या. पोर तेव्हा पाच वर्षांचं. पुढे आई मेरी बैलगाड्या जुंपून सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाली, तेव्हा एक गाडी या मुलानं हाकली. १८५२ मध्ये आईही गेली. मागे हा आणि धाकटी बहीण मार्था अ‍ॅन.

एकदा शाळेत मास्तरांनी मार्था अ‍ॅनला मारायला चामड्याचा पट्टा काढला. हा उठला आणि म्हणाला, तिला त्या पट्ट्यानं मारू नका. मास्तर याच्यावर धावले, तर यानंच मास्तरांना चोपलं. हे त्यानं स्वतःच पुढे एका मित्राला सांगितलेलं आहे, आणि बहुधा थोडं मजेतच. शाळा तिथंच संपली. एप्रिल १८५४ च्या पंथाच्या परिषदेत प्रचारकांची नावं पुकारली गेली, त्यांत याचं नाव! मुक्काम, सँडविच बेटं. म्हणजे आजचं हवाई. वय पंधरा. मला विचाराल तर त्यात धर्मकार्य किती आणि ‘या पोराला कुठंतरी वळण लागू दे’ हा विचार किती, हे वेगळं काढता येणार नाही. आपल्याकडे अशा पोराला मामाकडे पाठवतात. याला समुद्रापार पाठवलं.

बोटीचं भाडं कुणी दिलं नाही. कॅलिफोर्नियात मजुरी करून त्यानं ते जमवलं आणि २७ सप्टेंबरला ‘व्हाकेरो’ जहाजातून होनोलुलूला उतरला. तिथून त्याला माउई बेटावर कुला भागात धाडलं. हलेआकाला ज्वालामुखीच्या उतारावरचा मुलूख. भाषा कळत नाही, खिशात दमडी नाही. ज्यांना धर्म सांगायचा त्यांनीच दोन घास घालायचे, अशी तेव्हाची रीत.

आणि घास कसला, तर पोई. आपल्या अळूचेच कंद हो, तीच वनस्पती! ते शिजवायचे, दगडानं ठेचायचे, पाणी घालून मऊ लगदा करायचा. ताजा खातात, आंबवूनही खातात. अळूचं फदफदं ओरपणाऱ्या माणसाला पोईचं नवल वाटायचं कारण नाही. पण गव्हाच्या पावावर वाढलेल्या पोराला तो आंबूस, चिकट लगदा पहिल्या दिवशी कसा गेला असेल, बघा विचार करून.

मग त्याला ताप आला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. त्याला मा माहुही नावाच्या एका हवाईयन बाईनं आपल्या घरात घेतलं आणि पोटच्या पोरासारखी त्याची शुश्रूषा केली. बाई त्याला ‘इओसेपा’ म्हणायची. हवाईयनमध्ये जोसेफचा इओसेपाच होतो, कारण त्या लिपीत ‘ज’ही नाही आणि ‘फ’ही नाही. मुळात व्यंजनाक्षरं सगळी मिळून सात.

ही लिपी बसवली कुणी, तर बोस्टनच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी. आणि इथं आपला संबंध येतो. ज्या मिशनरी मंडळानं गॉर्डन हॉल या धर्मप्रचारकाला १८१३ मध्ये मुंबईत उतरवलं, त्याच मंडळाची माणसं १८२० मध्ये हवाईला पोहोचली. त्यांनी १८३९ मध्ये पूर्ण बायबल हवाईयनमध्ये छापलं, आणि इकडे त्यांच्याच भाऊबंदांनी १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. मॉर्मन म्हणजे या मंडळींना पाखंडी. तरी मॉर्मन पोरं भाषेच्या पायऱ्या चढली ती त्यांनीच बांधलेल्या.

निघताना पार्ली प्रॅट नावाच्या ज्येष्ठ नेत्यानं इओसेपाला आशीर्वाद दिला होता, की भाषा तुला देवाच्या देणगीनं येईल आणि अभ्यासानंही. मला यातला ‘आणि अभ्यासानंही’ हा भाग फार आवडतो. शंभरेक दिवसांत तो लोकांशी बोलू लागला. देणगी होती की नाही, देव जाणे. पण आजारी मुलाशी दिवसभर बोलणारी एक बाई शेजारी होती, एवढं नक्की.

सगळं गोड नव्हतं. लानाई बेटावर झोपडी जळाली, त्यात त्याची पेटी गेली, वह्या गेल्या. कपड्यांचा एकच जोड उरला, तो हा आणि जोडीदार आळीपाळीनं घालायचे, एक सभेला गेला की दुसरा अंथरुणात, असं सांगतात. पुढे म्हातारपणी त्यानं या दिवसांबद्दल सांगितलं, की गोऱ्या माणसाच्या नजरेला नजर द्यायचीही हिंमत होत नसे. त्याच बोलण्यात तो त्या बेटकरांना ‘अधःपतित’ म्हणतो. ज्यांची पोई खाऊन जगला त्यांना! हे मी झाकून ठेवणार नाही. त्या काळचा अमेरिकन पोरगा होता तो.

त्या दिवसांतच त्याला एक स्वप्न पडलं. तो धावतोय, उशीर झालाय, पण वाटेत थांबून अंघोळ करतो आणि स्वच्छ कपडे घालतो. दारात काका उभा. “जोसेफ, तुला उशीर झाला.” “हो, पण मी स्वच्छ आहे.” आत आई बसलेली, मांडीवर एक मूल.

१८५७ मध्ये परतायचा निरोप आला. १९०१ मध्ये तो पंथाचा अध्यक्ष झाला. अध्यक्षपद, राजकारण, बहुपत्नीत्वाचे वाद, तो विषय दुसऱ्या व्याख्यानाचा.

मध्ये किती वर्षं गेली! एकदा तो पुन्हा होनोलुलूला उतरला. धक्क्यावर गर्दी, गळ्यात हार. त्या गर्दीतून एका खूप म्हाताऱ्या, आंधळ्या बाईला कुणीतरी हात धरून आणलं. ती हाका मारत होती, “इओसेपा, इओसेपा!” तो धावत गेला, तिला मिठी मारली आणि “मामा, मामा” म्हणत राहिला. सोबत्याकडे वळून म्हणाला, मी पोर असताना, आजारी असताना, हिनं मला सांभाळलं.

तिनं त्याच्यासाठी भेट आणली होती. तिच्या हातात थोडी केळी होती.