इंजिनात नट पडला? आधी बॅटरी काढा, मग चुंबक शोधा

नमस्कार मंडळी. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट लावणं चालू आहे, वरचं कव्हर उघडं आहे, फट मोजायची पट्टी म्हणजे फिलर गेज रॉकरखाली आहे आणि वायसर (वॉशर) बोटांतून निसटला. टण्ण. मग खालच्या कॅमपासून रॉकरपर्यंत येणाऱ्या दांडीच्या, म्हणजे पुश रॉडच्या बाजूच्या फटीतून खाली गेल्याचा आवाज.

आता हात थांबवा आणि आवाज आठवा. एकदाच टण्ण होऊन शांत झालं, तर तुकडा बहुतेक वरच कुठेतरी अडकला आहे. दोन-तीन ठोके पडून शेवटी 'डुब्' असा बोदा आवाज आला, तर तो इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरमध्ये गेला. आवाजावरून पक्कं सांगता येत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

आज समोर टाटा 697 इंजिन आहे. 6 सिलिंडर, बोअर 97 मिलिमीटर, म्हणून 697. स्ट्रोक 128, एकूण 5675 सीसी. मर्सिडीजच्या जुन्या ओएम 352 चंही हेच माप. तुमच्या गाडीत दुसरं जुनं डिझेल इंजिन असलं तरी पद्धत हीच.

पहिलं काम, बॅटरीची अर्थ केबल काढा. पण तेवढ्यावर विसंबू नका. जुना डिझेल पंप मेकॅनिकल असतो, त्याला वीज लागत नाही. गाडी गिअरमध्ये असेल आणि कुणी ढकलली, तर क्रँक फिरणारच. म्हणून न्यूट्रल करा, चाकाला ओट (अडवायचा ठोकळा) लावा आणि इंजिन बंद करायची स्टॉप केबल ओढून ठेवा. क्लिनरलाही सांगून ठेवा, सेल मारायचा नाही, म्हणजे स्टार्टर फिरवायचा नाही.

एवढी काळजी का, ते सांगतो. डिझेलचा पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. तिथे 3 मिलिमीटरचा वायसर आला तर पिस्टनला खड्डा पडतो, व्हॉल्व्ह वाकतो, कधी हेडला तडा जातो. खाली कॅम आणि टॅपेटमध्ये अडकला तर पुश रॉड वाकतो. पडलेली वस्तू स्वतःहून काही बिघडवत नाही, नुकसान होतं ते इंजिन फिरवल्यावर.

दुसरं काम, काय पडलं ते ओळखा. त्याच वस्तूची जोडी हातात घ्या आणि चुंबक लावून बघा. लोखंडी नट, वायसर, व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारं व्हॉल्व्ह लॉक लगेच चिकटतं. डिझेल फवारणाऱ्या नोझलखालचा तांब्याचा वायसर चिकटत नाही, ॲल्युमिनियम आणि पितळही नाही. अर्धा दिवस चुंबक फिरवून हाती काहीच लागत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं.

[कॅमेरा जवळ: चुंबकाची दांडी]

आता वरून शोधू. मोबाइलला जोडायचा 5.5 मिलिमीटरचा एंडोस्कोप कॅमेरा घ्या, त्यात दिवा असतोच. आधी ऑइल परत जायच्या भोकांत बघा, मग प्रत्येक पुश रॉडभोवती. दिसलं की लवचीक दांडीचं चुंबक सोडा. अडचण अशी की आजूबाजूला सगळंच बीडाचं, चुंबक भिंतीलाच चिकटून बसतं. त्यावर इलाज सोपा आहे. दांडीवर प्लॅस्टिकची नळी चढवा, फक्त टोक उघडं ठेवा. हे बघा, आता कडेला चिकटत नाही, सरळ खाली जातं. तुकडा लागला की झटका देऊ नका, सावकाश वर घ्या. कडेला घासला की सुटतो आणि आणखी खाली जातो.

तांब्यासाठी वेगळी युक्ती. तारेच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावा आणि वायसरवर दाबून उचला. जागा असेल तर व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी टेपनं बांधून ओढून घ्या. हवेचा पाइप मात्र लावू नका. तुकडा उडून जिथे तो नव्हता तिथे जातो, आणि डोळ्यालाही धोका.

वरून मिळाला नाही तर चेंबर उतरवा. ऑइल कोमट असताना स्वच्छ परातीत काढा आणि फडक्यातून गाळा, तुकडा तिथेच सापडू शकतो. काही गाड्यांत फ्रंट ॲक्सल आडवा येतो, मग इंजिन माउंटिंग सैल करून थोडं उचलावं लागतं. चेंबर उघडलाच आहे तर ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरची जाळीही धुऊन घ्या. बसवताना पॅकिंग (गॅस्केट) नवीन.

मॅनिफोल्ड काढलेला असताना इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या हवा आत जायच्या वाटेत काही पडलं, तर क्रँक केसभरही हलवू नका. वरचं कव्हर उघडून त्या सिलिंडरचा इनटेक रॉकर हातानं हलवून बघा. रॉकर सैल असेल तर व्हॉल्व्ह बंद आहे, म्हणजे वस्तू व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडली आहे, कॅमेरा घालून उचला. स्प्रिंग दाबलेली असेल तर व्हॉल्व्ह उघडा आहे आणि वस्तू सिलिंडरमध्ये गेली असू शकते. मग नोझल काढून त्या भोकातून बघा. पिस्टनच्या डोक्याला वाटीसारखा खोलगट भाग असतो, तुकडा बहुतेक तिथेच पडलेला असतो. भोक अरुंद असतं, मोठा तुकडा त्यातून निघत नाही. अशा वेळी हेड उतरवणं हाच शहाणपणा आहे. पॅकिंग आणि दिवसभराची मजुरी जाते, पण पिस्टन-लायनर वाचतात.

हेड न काढता व्हॉल्व्ह सील बदलत असाल, तर आधी तो पिस्टन अगदी वर आणा. लॉक निघाले की व्हॉल्व्ह खाली घसरतो. पिस्टन वर असेल तर त्याच्यावर टेकतो, खाली असेल तर थेट सिलिंडरमध्ये जातो. एका व्हॉल्व्हला दोन लॉक असतात, दोन्ही मोजून डबीत ठेवा.

तुकडा मिळाला? त्याच्या जोडीशेजारी ठेवा. कड तुटलेली दिसली तर उरलेला भाग आतच आहे, शोध संपलेला नाही. पूर्ण असेल तर नोझल बाहेर ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टनं, समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, हातानं 2 पूर्ण फेऱ्या फिरवा. चारही स्ट्रोक त्यातच होतात. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, उलट दिशेनं थोडं सोडा आणि पुन्हा बघा. मोकळं फिरलं की तांब्याचे नवे वायसर घालून नोझल बसवा, हातपंपानं हवा काढा, टॅपेट पुन्हा तपासा.

आणि पुढच्या वेळी कव्हर उघडलं की आधी प्रत्येक भोकाभोवती स्वच्छ चिंध्या खोचा. गोटी पान्यात नट ग्रीसनं चिकटवून खाली न्या, पान्याला दोरी बांधा. किती चिंध्या घातल्या तो आकडा खडूनं हेडवर लिहा. एक जरी आत राहिली तरी ऑइल खाली परतायची वाट बंद होते, म्हणून कव्हर बसवायच्या आधी तेवढ्याच बाहेर आल्या ना, ते मोजा आणि मगच खडू पुसा.