दार, खोली आणि समोरची खुर्ची

मित्रहो, ‘थरारपटाची सुरुवात : विद्यार्थ्यांनी केलेली आखणी आणि चित्रण’ असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापला आहे आणि आवाज, श्रेयनामावली व संकलन यांविषयी मी बोलेन असे संयोजकांना कळवले होते. तिकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका अगदी साध्या सरावपाठाविषयी सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते, कारण थरारपटाची उत्तम सुरुवात त्या सरावपाठातच असते आणि विद्यार्थी ती मागे टाकून जंगलाकडे धावतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

मी इंग्लंडमध्ये माध्यम अभ्यास हा विषय शिकवत असे. तेथील ओसीआर या परीक्षा मंडळाने 2008 पासून ए लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याच्या, पहिल्या वर्षासाठी जो अभ्यासक्रम लागू केला, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी एका नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह सुरुवात तयार करायची असे. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे, गटात जास्तीत जास्त चौघे, दृश्ये स्वतः चित्रित केलेली आणि संगीत उसने घेतलेच तर ते हक्कमुक्त. शंभरांपैकी 20 गुण संशोधन व आखणीला, 60 प्रत्यक्ष निर्मितीला आणि 20 मूल्यमापनाला. चित्रप्रकार निवडण्याची मोकळीक असूनही गटांमागून गट थरारपटाकडे वळत, आणि ते स्वाभाविकच होते. प्रेमकथेला दोन चांगले नट लागतात, ऐतिहासिक पटाला पोशाख लागतात; भीतीला अंधार, शांतता आणि एक बंद दार पुरते.

या मुख्य कामाआधी एक सरावपाठ करावा लागे. एका व्यक्तीने दार उघडायचे, खोली ओलांडायची, दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीवर बसायचे आणि दोघांनी एक-दोन वाक्ये बोलायची, एवढेच. त्यातून तीन गोष्टी हाताखालून जाव्यात अशी अपेक्षा असे : एकच कृती दोन शॉटांमध्ये अखंड दिसावी असे जोडकाम, बोलणारा आणि ऐकणारा यांना आलटून पालटून दाखवणे, आणि 180 अंशांचा नियम, म्हणजे दोन पात्रांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवणे. मुले हा पाठ एका दुपारी, रिकाम्या वर्गात, शक्य तितक्या लवकर उरकून टाकत. माझे मत असे की दुसरे काहीही न शोधता याच पाठावर दोन मिनिटे उभी करावीत.

आपल्यापैकी किती जणांच्या पहिल्या लघुपटात गजर वाजून कोणीतरी दचकून उठते? संकोच न करता हात वर करावेत. बरेच हात दिसत आहेत, आणि पुढच्या रांगेतले सर्वांत उंच आहेत. आता जंगलात धावणारी मुलगी किती जणांनी चित्रित केली आहे? येथे जंगल जवळ नसल्यामुळे हात थोडे कमी झाले. इंग्लंडमध्ये मात्र प्रत्येक गावाला लागून झाडी असते आणि प्रत्येक गटाला तिच्यात एक हूडी घातलेला माणूस हवा असतो.

असाच एक चौघांचा गट मला चांगला आठवतो. पळणारी मुलगी, मागे हूडीतला माणूस, हातात धरलेला हलता कॅमेरा, पाय अडखळून पडणे, किंकाळी, काळा पडदा, शीर्षक, अशी त्यांची कल्पना होती. डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो; ही मुले वर्ग सुटल्यावर झाडीत पोहोचत, तोवर उजेड संपलेला असे आणि चित्रात करड्या ठिपक्यांखेरीज काही उरत नसे. तरीही त्यांची आखणीची वही अतिशय देखणी होती. तिच्यात चौकटीमागून चौकट रेखाटलेला स्टोरीबोर्ड होता, आणि तो त्यांनी चित्रणानंतर, संगणकावर मिळालेले शॉट समोर ठेवून काढला होता.

येथे मला एक तक्रार मनापासून मांडायची आहे. आमच्या संस्थेत आखणीच्या वहीची पाने मोजली जात. वहीत अमुक इतके नमुना-चित्रपट, अमुक इतक्या प्रश्नावल्या, अमुक इतकी रेखाटने आहेत की नाहीत हे पाहिले जाई. रेखाटन आधीचे की नंतरचे, हे कोणी विचारत नसे. अशा वातावरणात मुलांची समजूत होते की आखणी ही परीक्षकाला दाखवण्याची वस्तू आहे. वास्तविक आखणीमुळेच ती मुले दुपारी साडेतीनला झाडीत गेली नसती. सूर्यास्ताची वेळ लिहिलेली एक ओळ त्या सुंदर वहीतल्या सगळ्या पानांपेक्षा उपयोगी ठरली असती. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या महाविद्यालयांच्या प्रकल्पवह्याही मी पाहिल्या आहेत आणि ही सवय तिकडची-इकडची असा भेद करत नाही, हे खेदाने सांगते.

मी त्या गटाला त्यांचाच सरावपाठ पुन्हा लावून दाखवला. एक मुलगी दार उघडते, वर्ग ओलांडते, मैत्रिणीसमोर बसते. ‘उशीर झाला का?’ ‘नाही, मीच लवकर आले.’ मग मी एकच प्रश्न विचारला : या दोन वाक्यांची भीती वाटण्यासाठी प्रेक्षकाला आधी काय ठाऊक असायला हवे? बराच वेळ चर्चा चालली, कट्यार आली, रक्त आले, भूत येऊन गेले. शेवटी ज्या मुलाने सगळ्या चित्रणात फक्त ट्रायपॉड धरला होता, तो म्हणाला की खुंटीवर आधीच एक किल्ली असावी.

पुढचे सर्व त्या किल्लीतून आले. पहिल्या शॉटमध्ये एक हात रिकाम्या खुंटीला किल्ली अडकवतो आणि चौकटीबाहेर जातो. मग दाराबाहेर मुलगी, तिच्या मुठीत तशीच किल्ली. ती आत येते, हातातली पत्रे चाळत सवयीने किल्ली खुंटीला अडकवते. आता तेथे दोन किल्ल्या आहेत, हे आपल्याला दिसते आणि तिला दिसत नाही. त्यानंतर ती खोली ओलांडते. सरावपाठात चार पावलांत संपलेले अंतर येथे संपता संपत नाही, कारण ती जिकडे चालली आहे तिकडे कोण आहे हा प्रश्न फक्त आपल्याला पडला आहे. ती बसते. समोरच्या खुर्चीची पाठ आपल्याकडे आहे. ‘उशीर झाला का?’ हे वाक्य आता तिचे राहिलेले नाही. ते खुर्चीतून येते.

व्याकरणाचे जे तीन नियम मुलांना कंटाळवाणे वाटत, त्यांना येथे अर्थ आला. दार उघडण्याची कृती बाहेरच्या आणि आतल्या शॉटमध्ये जोडताना प्रेक्षक पात्राच्या आधी आत पोहोचतो आणि तिची वाट पाहत उभा राहतो. रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवल्यामुळे दार कोणत्या दिशेला आहे हे प्रेक्षकाच्या पक्के ध्यानात राहते, आणि ते राहायलाच हवे, कारण सुटकेची वाट तीच आहे. ही दिशा हरवली की प्रेक्षक गोंधळतो. गोंधळलेला माणूस घाबरत नाही, तो फक्त कंटाळतो.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी केलेल्या संभाषणात टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर टेबलावरच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटे श्वास रोखायला लावतात. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्या 1931 च्या ‘एम’ या जर्मन चित्रपटाची सुरुवात याच्याही पुढे जाते. आई स्वयंपाक करून ताट मांडते, घड्याळाकडे पाहते. तिकडे तिची मुलगी खुन्याला पकडण्याच्या बक्षिसाच्या जाहिरातीवर चेंडू आपटत असताना त्या कागदावर एका माणसाची सावली पडते. नंतर आईची हाक, रिकामा जिना, रिकामे ताट, गवतात घरंगळत येणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेला नाही. तेथेही दार, खोली आणि जेवणाच्या टेबलाशी रिकामी राहिलेली जागा एवढेच आहे, आणि ते सुमारे सात मिनिटांत उभे राहिले आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून पत्रिकेवरचे मुद्दे आता भरभर घेते.

आवाजाविषयी : चित्रण संपल्यावर सर्वांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट मुद्रित करावी, म्हणजे संकलनात दोन शॉटांमध्ये आवाजाची भेग पडणार नाही. किल्ली, कडी, पाऊल हे आवाज माइक जवळ नेऊन वेगळे घ्यावेत. ‘एम’ हा लांग यांचा पहिला बोलपट होता, तरीही त्यांनी खुन्याची ओळख चेहऱ्याआधी शिट्टीने करून दिली. पार्श्वसंगीत सर्वांत शेवटी लावून पाहावे आणि त्याशिवाय दृश्य उभे राहत असेल तर काढून टाकावे.

श्रेयनामावलीविषयी : दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या 1958 च्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या चित्रपटाची सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एका सलग शॉटची आहे, जिच्यात गाडीत बॉम्ब ठेवलेला आपण पाहतो. स्टुडिओने त्यावर नावे आणि संगीतकार हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत चढवले. वेल्स यांनी स्टुडिओला लिहिलेल्या 58 पानी टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी 1998 मध्ये जे पुनर्संकलन केले, त्यात नावे काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आणले. दोन्ही रूपे लागोपाठ पाहावीत. नाव वाचायला लावणे म्हणजे नजर काढून घेणे असते. म्हणून किल्लीच्या शॉटवर कोणाचेही नाव, दिग्दर्शकाचेसुद्धा, येऊ देऊ नये.

संकलनाविषयी : सेकंदाला 25 चौकटी धरल्या तर दोन मिनिटांत 3000 चौकटी मिळतात. त्यांची वाटणी कागदावर करावी आणि खोली ओलांडण्याला सर्वांत मोठा वाटा द्यावा. स्टोरीबोर्डाच्याही आधी खोलीचा नकाशा काढावा; त्यात दार, खिडकी, दिव्याचे बटण, खुर्ची आणि कॅमेऱ्याच्या जागा दाखवाव्यात. मग मोबाइलवर प्रत्येक शॉटचे छायाचित्र घेऊन ती ठरवलेल्या वेळांनुसार एकामागून एक लावून पाहावीत. या कच्च्या मालिकेत दुसरी किल्ली कोणालाही दिसली नाही, तर ती पूर्ण चित्रणातही दिसणार नाही. शॉट जवळून घ्यावा किंवा अधिक वेळ धरावा.

आणि येथे चित्रण करणाऱ्यांसाठी : आपल्या घरांच्या भिंती पातळ असतात, शेजारचा कुकर आणि पाण्याची मोटार ध्वनिमुद्रणात स्पष्ट येतात. आदल्या दिवशी त्याच वेळी खोलीत बसून कोणता आवाज कधी येतो याची नोंद करावी, शेजाऱ्यांना सांगून ठेवावे आणि संवादाचे शॉट त्यानुसार लावावेत. प्रश्न असतील तर मी बाहेर थांबले आहे.